मागच्या सीटवरची बेल

पोस्टाच्या बाईंचा आपल्याला हेवा वाटेल, असं तिला कुणी आधी सांगितलं असतं तर ते वाक्य तिने लाल शाईने खोडून टाकलं असतं. खोडणं हाच तिचा धंदा होता. एका प्रकाशकाची मुद्रितं ती घरी बसून तपासायची, आणि इतकी वर्षं हे काम केल्यावर नजरेला अशी सवय लागली होती की पान समोर आलं की आधी चूक दिसायची, मग मजकूर. अलीकडे ही नजर पानांपेक्षा बाबांवरच जास्त फिरत होती.

बाबा बस चालवायचे. निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, तरी गल्लीत सगळे त्यांना ड्रायव्हरसाहेबच म्हणायचे. पार्किन्सनने त्यांना गाठलं ते गुपचूप, मागच्या दाराने. आधी उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट, कणकेची बारीकशी गोळी वळत बसल्यासारखी हलू लागली. मग पावलं आखूड झाली, सही बारीक झाली, आवाज घशातच बसू लागला. शेवटी चेहरा थांबला. एकेकाळी हा माणूस आरशातून नुसता बघायचा आणि मागच्या बाकावरची कॉलेजची पोरं गप्प व्हायची. आता त्यांना आनंद झालाय की राग आलाय हे डोळ्यांत डोकावून ओळखावं लागे. आई गेल्यावर ती आपला फ्लॅट बंद करून, पुस्तकांची खोकी घेऊन त्यांच्याकडे राहायला आली. कुणी बोलावलं नव्हतं. बोलावण्याची वाट बघावी असं तिला वाटलंही नव्हतं.

तिने कंबर कसली. या आजारावर जे जे छापलं गेलं होतं ते वाचून काढलं. डॉक्टरांच्या गोळ्या घड्याळाच्या काट्यावर, त्यात तडजोड नाही. त्याखेरीज सकाळी तेलाचं मालिश, मग श्वासाचे प्रकार, मग मोठ्या रबरी चेंडूवर बसून झुलणं, दुपारी बोटांना मळायला ओली माती, संध्याकाळी आवाज मोकळा व्हावा म्हणून स्वर लांबवणं. कुणी सुया टोचणारा सुचवला, ती घेऊन गेली. कुणी गरम वाळूत पाय ठेवायला सांगितले, तिने वाळू आणली.

"बाबा, आ म्हणा. मोठ्याने."

"आ."

"शेजाऱ्यांना ऐकू गेलं पाहिजे."

"शेजाऱ्यांनी तुझं काय घोडं मारलंय?"

बाबा सगळं करायचे. बिनतक्रार करायचे, आणि तेच तिला खुपायचं. वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखे ते त्या चेंडूवर बसायचे आणि ती "झालं" म्हणाली की उतरायचे.

चालता चालता त्यांचे पाय रुतायचे. दारात नाहीतर फाटकात आले की पावलं जमिनीला चिकटून बसायची. वरचं अंग पुढे निघालेलं, पाय तिथेच. अशा वेळी ती धावत जाऊन त्यांचा दंड धरायची. "चला बाबा, उचला, उचला पाय," म्हणायची, आणि जितकं ती म्हणायची तितके ते पाय हट्टाला पेटायचे.

एका दुपारी ती खिडकीशी काम करत बसली होती आणि बाबा फाटकात रुतले. ती उठणार, तेवढ्यात पोस्टाच्या बाई तिथे सायकलवरून उतरल्या. पन्नाशीपुढच्या, रुंद खांद्यांच्या, उन्हाने रापलेल्या बाई. पोटऱ्या पहिलवानाच्या. त्यांनी दंड धरला नाही की विचारपूस केली नाही. हातातला पत्रांचा गठ्ठा चाळत, वर न बघताच म्हणाल्या, "काय ड्रायव्हरसाहेब, सिग्नल लागलाय?"

"केव्हाचा लागलाय," बाबा म्हणाले. "बिघडलाय वाटतं."

"मग वाट कशाची बघताय? डावं-उजवं बघा आणि काढा गाडी."

आणि बाबांनी खरोखरच मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, आणि ढांग टाकून फाटकाबाहेर आले. पायांनी चूं केलं नाही. बाईंनी त्यांच्या हातात विजेचं बिल ठेवलं आणि टांग मारून पुढच्या घरी गेल्या.

खिडकीत काही आकाशपाताळ एक झालं नाही. ती परत खाली बसली. पण त्या दिवशीच्या मुद्रितात तिच्याकडून ढळढळीत चुका सुटल्या, आणि प्रकाशकाच्या माणसाने फोन करून "ताई, तब्येत बरी आहे ना?" असं विचारलं.

काही दिवसांनी, एका रविवारी, बाई आल्या त्या वेगळीच सायकल घेऊन. लांबलचक. दोन सीटा, दोन हँडलं, पायडलांच्या दोन जोड्या, आणि त्या जोड्या चेनने अशा बांधलेल्या की पुढचे पाय फिरले की मागच्यांना फिरावंच लागे.

"पुढचा चालवतो, मागचा जोर लावतो," बाईंनी समजावलं. "चालताना पाय अडतात म्हणून सायकलवर अडतीलच असं नाही, साहेब. माझ्या भागात एक मास्तर होते. घरातल्या घरात दहा ठिकाणी अडायचे, आणि सायकलवर बसले की सगळं गाव पालथं घालायचे."

हे तिने वाचलं होतं. वाचून, धोका आहे असा शेरा मनात मारून, बाजूला ठेवलं होतं.

"आणि पडले तर?" तिने विचारलं.

"पडले तर दोघं पडू. मी खाली, ते वर. माझ्यावर पडलेल्याला लागत नाही."

बाबांच्या घशातून आवाज आला. हसण्याचा होता. तिने मग हुकमाचं पान काढलं. "बाबा कुणाच्या मागे बसत नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही विचारा त्यांना."

हे खरं होतं. हयातभर स्टिअरिंगमागे बसलेला माणूस. तिच्या मोटारीत शेजारी बसले की त्यांचा उजवा पाय खालची चटई दाबत राहायचा, कारण तिथे ब्रेक असायला हवा होता. "गिअर बदल." "आरशात बघ." "तो टेम्पो दिसतोय का तुला?" शेवटी तिने त्यांना मागे बसवून बघितलं, तर त्यांनी मागून हेच सांगितलं, जास्त मोठ्याने. आई तर म्हणायची, यांना कुठेही न्यायचं असेल तर आधी झोपवावं.

"बसाल का हो मागे?" बाईंनी विचारलं.

बाबांनी त्या सायकलीकडे बराच वेळ बघितलं. "बसून बघतो," ते म्हणाले.

तिच्या पोटात जे दुखायला लागलं ते तेव्हापासून.

ते गेले ते नदीकाठच्या रस्त्याने. ती फाटकाशी थांबून राहिली. सायकल वळणाआड जाताना तिला आवाज ऐकू आला, बारीक, स्वच्छ: टिंग टिंग. मागच्या हँडलवर जुन्या पद्धतीची बेल होती, अंगठ्याने खटका दाबायची. बाबांनी ती वाजवली होती. दोनदा.

ती लहान असताना बाबांची शेवटची फेरी संपली की रिकामी बस डेपोत न्यायची असायची. स्टँडवर आई तिला बसमध्ये चढवून द्यायची. खरा कंडक्टर पुढे बाबांशी गप्पा मारत बसायचा आणि मागच्या दाराशी ती उभी राहायची, घंटेच्या दोरीला लोंबकळत. एक बेल म्हणजे थांबा. दोन बेल म्हणजे चला. रिकाम्या बसमध्ये कुणी उतरायचं नसे की चढायचं नसे, तरी तिने एक बेल दिली की बाबा मुकाट्याने गाडी बाजूला घेत, आणि दोन दिल्याशिवाय हलत नसत. एवढी मोठी लाल बस आणि एवढा मोठा माणूस तिच्या एका झटक्यावर थांबायचा. "कंडक्टरचा हुकूम," ते आरशातून म्हणायचे. पुढे ती मोठी झाली, तिने पदव्या घेतल्या, तरी लाडात आले की ते तिला कंडक्टरच म्हणायचे.

ती बेल तिची होती. आणि ती आता दुसऱ्याच कुणाला मिळत होती, जिला तिचा अर्थसुद्धा ठाऊक नव्हता.

दर रविवारी आणि बाईंची पाळी लवकर सुटेल त्या दिवशी सायकल येऊ लागली. बाबा आधीच बूट घालून तयार असायचे. परत यायचे ते घामेजलेले, गालांवर रंग. पाय त्या दिवशी कमी रुतायचे. एकदा ती नेहमीप्रमाणे त्यांच्या शर्टाची बटणं लावायला वाकली, तर ती लावलेली होती. एक घर चुकलं होतं, म्हणून खालचं टोक वरखाली होतं, पण लावलेली होती.

"मी लावली," बाबा म्हणाले.

"एक चुकलंय," ती म्हणाली, आणि सगळी सोडून पुन्हा नीट लावली. लावताना तिला कळत होतं आपण काय करतोय ते. हात थांबले नाहीत.

फिजिओथेरपिस्टने त्यांना चालवून बघितलं, खुर्चीतून उठवून बघितलं, आणि भुवया उंचावल्या. "काय नवीन सुरू केलंत?"

"मालिश, चेंडू, आवाजाचे व्यायाम..." तिने सुरुवात केली.

"सायकल," बाबा म्हणाले.

"एकटे?"

"पुढे पोस्ट खातं असतं."

त्याला सगळं सांगितल्यावर तो खूश झाला. म्हणाला, आपण होऊन पाय ज्या वेगाने फिरले असते त्यापेक्षा जरा जास्त वेगाने ते कुणी फिरवून घेतले तर काही जणांना फायदा होतो. सगळ्यांना होतो असं नाही. तुम्हाला होतोय, तर सोडू नका. "गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत हं."

"त्या हिच्याकडे असतात," बाबा म्हणाले.

म्हणजे वाटणी झाली होती. वारा, रस्ता, हसणं आणि बेल पोस्टाच्या बाईंच्या वाट्याला. तिच्या वाट्याला गोळ्या.

बाईंनीच एकदा फाटकाशी म्हटलं, "ताई, या रविवारी माझी जादा पाळी आहे. सायकल ठेवून जाते, तुम्ही न्या साहेबांना. अवघड काही नाही, फक्त लांब असते म्हणून वळण मोठं घ्यायचं." ही संधी तिने मनातल्या मनात किती दिवस मागितली होती. पण ती अशी, उरलेलं वाढून दिल्यासारखी मिळावी, याने तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "बघते," ती कोरडेपणाने म्हणाली. आणि शनिवारी भर दुपारी, बाबा झोपलेले असताना, मागच्या सीटवर जुन्या ज्ञानकोशाचे खंड दोरीने बांधून तिने गल्लीत सराव केला. समोरच्या गॅलरीतून कुणीतरी विचारलं, "पुस्तकांना फिरवून आणताय का?"

रविवारी हवा छान होती. बाबा मागे बसले, ती पुढे. तिने वळून बघितलं. "नीट बसलात? पाय लागतात? गोळी घेतलीत ना?"

"तूच दिलीस."

"बरं. निघू?"

टिंग टिंग.

तिचे डोळे एकदम भरून आले. पुढे बसलेल्याला डोळे पुसायला हात मोकळा नसतो हे तिला तेव्हा कळलं. तिने पायडल मारलं. हळू. अगदी हळू, बाबांना दम लागू नये, धक्का बसू नये म्हणून प्रत्येक खड्डा टाळत, थोड्या थोड्या वेळाने खांद्यावरून मागे बघत. सायकल इतक्या संथपणे जात होती की तोल सांभाळायला हँडल सारखं डावीकडे-उजवीकडे करावं लागत होतं. तरी ती खुशीत होती. मनात म्हणाली, बघितलंत ना बाई, एवढंच होतं.

टिंग.

ती थांबली. "काय झालं?"

"काही नाही. चल."

पूल येईपर्यंत पुन्हा टिंग. ती पुन्हा थांबली. "दमलात का? उतरायचंय?"

"नाही गं."

मग झाडाखाली. मग बाकापाशी. दरवेळी ती ब्रेक दाबायची, पाय टेकायची, वळून त्यांचा चेहरा वाचायचा प्रयत्न करायची, आणि त्या चेहऱ्यावर काही लिहिलेलं नसायचं. दरवेळी निघताना बाबांचे पाय आणखी जड झालेले वाटायचे. नदीकाठच्या उतारावर सायकलीने कुठे जरा वेग धरला होता तोच बेल वाजली, आणि तिने दोन्ही ब्रेक करकचून आवळले. लांब सायकल आडवी फिरली. दोघं कडेच्या गवतात पडली, आणि इथे कुणी खाली नव्हतं. बाबांचं कोपर सोललं.

तिने रुमाल बांधला. "तुम्हीच बेल दिलीत!" ती ओरडली.

"मी नाही दिली."

"एक बेल, बाबा. एक बेल म्हणजे थांबा. मला काय ऐकू येत नाही?"

बाबांनी उजवा हात पुढे केला. अंगठा आपला आपण गोळी वळत होता. "हा देतो," ते म्हणाले. "मी नाही देत."

गवतात एक कुत्रं येऊन त्यांना हुंगून गेलं.

"मग त्यांच्याबरोबर असताना?" शेवटी तिने विचारलं. नाव घेणं जिवावर आलं होतं.

"तेव्हाही वाजते मधूनमधून. कमी वाजते. त्यांना कुठे आपली भाषा येते? त्या थांबत नाहीत." बाबा जरा वेळ दम घेत राहिले. मग म्हणाले, "आणि तू सारखी मागे बघतेस."

"काळजी वाटते म्हणून बघते."

"माहीत आहे मला. पण तू बघितलंस की मी कसा दिसतोय ते मला तुझ्या तोंडावर दिसतं. मग हा आणखी वाजतो."

एवढं मोठं वाक्य ते बऱ्याच दिवसांनी बोलले होते. आवाज मोकळा होता, शेजाऱ्यांना ऐकू गेला असता. सायकल ढकलत, दर थोड्या अंतरावर पाय रुतत, ती दोघं घरी आली. रुतले की ती दंड धरत नव्हती. काय करावं हेही तिला सुचत नव्हतं. ती नुसती समोर नदीकडे बघत उभी राहायची, आणि थोड्या वेळाने ते आपणहून निघायचे.

दुसऱ्या दिवशी ती पोस्टात गेली. मागच्या खोलीत भिंतभर लाकडी खण होते, आणि बाई त्यांच्यासमोर उभ्या राहून पत्रं टाकत होत्या. पत्त्यावर नुसती नजर जाई आणि पाकीट बरोबर आपल्या खणात पडे.

"पडलात म्हणे," बाई म्हणाल्या.

"कुणी सांगितलं?"

"बातम्या पोचवायच्याच कामाला आहे ना मी. कोपर कसं आहे?"

"बरं आहे." तिने पर्सचा पट्टा हाताला गुंडाळला. या खोलीत यायचं नाही, हे बोलायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. "या रविवारी तुम्हीच न्या त्यांना," ती म्हणाली. दात उपटून हातात द्यावा तसं ते वाक्य तिने बाहेर काढलं.

बाईंनी मान डोलावली. कौतुक नाही, सांत्वन नाही.

"ते मागे काय करतायत, बघावंसं वाटत नाही तुम्हाला?"

"मागे बघितलं की सायकल मान वळली त्या बाजूला जाते," बाई म्हणाल्या. मग एक पाकीट हातात तसंच धरून त्या थांबल्या. "माझा नवरा बसायचा तिथे. त्याला दिसत नव्हतं. सायकल त्याच्यासाठीच घेतलेली. सुरुवातीला मीही बघायची वळून वळून, पडला तर नाही ना, घाबरला तर नाही ना. एकदा वैतागून म्हणाला, मला दिसत नाही ते ठीक आहे, पण तुला पुढचं दिसतंय ना? मग तिकडे बघ की." त्या हसल्या आणि पाकीट खणात टाकलं. "उंच होता. साहेबांसाठी सीट खाली घ्यावी लागली. गंजली होती, हलेचना."

या ठिकाणी आपलं मन निवळायला हवं, हे तिला कळत होतं. तिने तपासलेल्या कितीतरी पुस्तकांत ते अशाच ठिकाणी निवळायचं. तिचं निवळलं नाही. तिला एवढंच वाटलं, की या बाईला मागे बघायचं नाही हे शिकायला कितीतरी वर्षं मिळाली, आणि शिकवायला जवळचं माणूस मिळालं. तिने "येते" म्हटलं आणि ती घरी आली.

सायकल आणखी दोन उन्हाळे चालली. रविवारी ती फाटकापर्यंत जायची, बाबांच्या बुटाची नाडी बघायची, आणि पोटातलं दुखणं पोटात ठेवून आत यायची. लांबून टिंग टिंग ऐकू आलं की पुन्हा पेन्सिल उचलायची. चुकीच्या घरात लावलेली बटणं तशीच राहू द्यायला ती शिकली. हे तिला सुयांपेक्षा आणि वाळूपेक्षा अवघड गेलं. चेंडूवर कधीमधी ती स्वतःच बसायची, बाबांकडे पाठ करून, आणि मग तेही शेजारी येऊन खुर्चीत झुलायचे.

मग एका हिवाळ्यात बाबांना सीटवर तोल धरवेना. पुढच्या हिवाळ्यात छाती भरली. दवाखान्यात आवाज पुरता गेला. बाई पाळी सुटली की खाकी कपड्यांतच यायच्या, पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहायच्या. "काय साहेब, गाडी डेपोत?" त्या म्हणायच्या, आणि बाबांचे डोळे हसायचे. ती उशाशी बसलेली असायची, ओठांना ओला कापूस लावत. ते हसू तिच्या डोक्यावरून पलीकडे जायचं. तेव्हासुद्धा तिला ते टोचायचं. माणसाला लाज वाटायला हवी अशा वेळीही ते टोचायचं थांबत नाही, हे तिने कुठे वाचलेलं नव्हतं.

बाबा एका सकाळी गेले. निरोपाला डेपोतले म्हातारे आले, गल्ली आली. बाई सगळ्यांच्या मागे उभ्या राहून ढसाढसा रडल्या, पदराने नाही की रुमालाने नाही, उलट्या मनगटाने डोळे पुसत. तिला स्वतःला रडू आलं नाही. लोक म्हणाले, धीराची आहे. ती बाईंकडे बघत होती आणि मनात म्हणत होती, तेसुद्धा यांनीच घेतलं.

महिना उलटून गेला असेल. मुद्रितं साठली होती. बाबांचं सायकलवर बसणं सुटलं तेव्हापासून बाईंची सायकल इथेच, जिन्याखाली उभी होती. ती परत करायची तिने टाळली होती, आणि का टाळली हे स्वतःला विचारायचंही टाळलं होतं. रविवारी सकाळी बेल वाजली, दाराची.

"सायकलीचं बघायला आले होते," बाई म्हणाल्या.

"ती..." ती दारात आडवी उभी राहिली. सायकल बाईंचीच होती, यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. "ती राहू दे ना इथे."

"राहू दे की. पण एकटीने चालत नाही ती. म्हणजे चालते, मागची बाजू भरकटते. नवरा गेल्यावर मी बघितलंय करून." बाईंनी वाकून चाक दाबलं. "हवा गेलीय. पंप आहे?"

पंप होता. हवा भरून झाल्यावर दोघी सायकलीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

"बसायचंय पुढे?" बाईंनी विचारलं. "बसा. मला चालेल मागे."

पुढची सीट. तिने त्या सीटकडे बघितलं. मग ती मागे गेली आणि बसली. सीट बाबांच्या मापाला खाली घेतलेली होती, तिचे गुडघे जास्त वाकत होते. वर घेऊ का, असं बाईंनी विचारलं नाही. त्यांनी पुढे टांग टाकली आणि पायडल मारलं.

तिने जोर लावण्याआधीच तिचे पाय फिरू लागले. भराभर, तिने स्वतः फिरवले असते त्यापेक्षा कितीतरी जोरात. तिला वाटलं, थांबा, जरा हळू. पण पाय ऐकत नव्हते, ते निघालेच होते. रस्ता दिसत नव्हता. समोर फक्त एक रुंद पाठ, घामाने काळपट झालेला शर्ट, आणि मान. ती मान वळत नव्हती. पूल गेला. झाड गेलं, बाक गेलं. नदीकाठचा उतार आला आणि बाईंनी ब्रेकला हातही लावला नाही.

गवताचा तो तुकडा मागे पडला तेव्हा तिला रडू आलं. आवाज करून, तोंड वेडंवाकडं करून, लहान पोरीसारखं. हँडलवरचे तिचे हात कापायला लागले. उजवा अंगठा खटक्यावर होता.

टिंग.

मग पुन्हा, टिंग.

बाई थांबल्या नाहीत.